पदवीनंतर कायद्याचे शिक्षण : कॉलेज कोणते निवडावे?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



डॉक्टर आणि इंजिनिअर कसे व्हावे, यावर या व्यासपीठावरून दरवर्षी बोलले जाते. यंदा अध्यक्षसाहेबांनी मला वकिलीच्या शिक्षणावर बोलावयास सांगितले. मी स्वतः वकील नाही, माध्यमिक शाळेतला शिक्षक आहे. पण निकाल लागले की आमचेच जुने विद्यार्थी, आता बी.ए., बी.कॉम. झालेले, शाळेत येतात आणि विचारतात, "सर, एल्‌एल.बी. करावे म्हणतो. कुठे करू?" वकिली करावी की नाही, हा प्रश्न त्यांनी आपल्यापुरता सोडविलेला असतो. अडतात ते 'कुठे' या शब्दापाशी. तेवढ्यावरच मी आज बोलणार आहे.

दुसऱ्या विषयात पदवी घेऊन मग कायद्याकडे वळण्याचा हा मार्ग आपल्याकडे तीन वर्षांचा, सहा सत्रांचा आहे. कोणत्याही शाखेची पदवी चालते. खुल्या वर्गासाठी पदवीला ४५ टक्के, इतर मागासवर्गीयांना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. महाराष्ट्रात प्रवेश सीईटीमधून होतो. प्रश्नपत्रिका इंग्रजी व मराठीत असते, उत्तर चुकले म्हणून गुण कापले जात नाहीत. परीक्षेनंतर कॉलेजांचा पसंतिक्रम भरावा लागतो. खरा निर्णय तेथे होतो. आणि आमची मुले तो सायबर कॅफेत, शेवटच्या दिवशी, शेजारी बसलेल्या मित्राचा क्रम पाहून भरतात!

आपल्या समाजाला हे क्षेत्र नवे नाही. बद्रुद्दीन तय्यबजी १८६७ साली लंडनहून बॅरिस्टर होऊन आले, पुढे १८९५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांत तेच होते. आसफ फैजी यांनी मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्यपद भूषविले, आणि त्याआधी त्याच खुर्चीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. नागपूरला शिकलेले हिदायतुल्ला १९६८ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. आपल्या कोकणातले, आंबेतचे अंतुले हेही बॅरिस्टरच. तय्यबजींच्या वेळी बॅरिस्टर व्हायचे तर आगबोटीने विलायतेला जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. निवडीची अडचण आपल्या वाट्याला आली, कारण आज कॉलेजे जागोजाग आहेत. ती इतकी झाली, की ऑगस्ट २०२५ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने नवीन लॉ कॉलेजांना तीन वर्षे मनाई केली. त्यामागे दर्जाची काळजी होती, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

आता मुद्द्याकडे येतो. कॉलेजचे नाव विचारण्याआधी मुलाला विचारा की, बाबा रे, तू काम कुठे करणार? तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टात, की मुंबईत, उच्च न्यायालयात वा कंपनीत? या एका उत्तरावर अर्धी निवड होऊन जाते.

जिल्हा न्यायालयाचे उदाहरण घेऊ. आपल्या भागातले दावे कशाचे असतात, हे तुम्हाला मी सांगावयास नको. सामाईक जमीन, सातबाऱ्यावर पंधरा नावे, त्यातली सहा कुवेत-दुबईला, दोन वारलेली, वारसनोंद झालेली नाही. मुखत्यारपत्र कोणाच्या तरी नावे, ते खरे की रद्द झालेले ते कोणास ठाऊक नाही. त्यातच कुळकायद्याचा जुना फेरफार. शरीअतने ठरविलेला बहिणीचा हिस्सा हक्कसोडपत्राच्या एका सहीने कसा उतरतो, हेही आपण पाहतोच. (त्या सहीपूर्वी कागद वाचून दाखविणारी एखादी वकील मुलगी घरात असती तर किती सह्या झाल्या असत्या, हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे.) हे सारे कागद मराठीत आहेत. खालच्या न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे, उच्च न्यायालयाची इंग्रजी. उर्दू माध्यमातून आलेल्या आमच्या मुलांपुढे म्हणून दोन डोंगर असतात. फेरफार वाचता आला पाहिजे आणि निकालपत्रही वाचता आले पाहिजे. तेव्हा पसंतिक्रमात कॉलेज घालण्यापूर्वी चौकशी करा : तेथे शिकवितात कोणत्या भाषेत? विद्यापीठाच्या परीक्षेत उत्तरे मराठीतून लिहिता येतात का? ग्रंथालयात मराठी पुस्तके आहेत का? जिल्ह्यातच वकिली करावयाची असेल तर रत्नागिरीच्या भागोजीशेठ कीर लॉ कॉलेजसारखे जवळचे कॉलेज कमी प्रतीचे समजण्याचे कारण नाही. घरचे जेवण, हाकेच्या अंतरावर जिल्हा न्यायालय, आणि पुढे ज्यांच्यासमोर उभे राहावयाचे ती माणसे तीन वर्षांत ओळखीची होतात. ही शेवटची गोष्ट मोठ्या शहरात पैसे टाकून मिळत नाही.

रत्नागिरी-सिंधुदुर्गकरांसाठी आणखी एक गोष्ट बदलली आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापूरला बसू लागले. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर आणि आपले दोन्ही जिल्हे त्याच्याकडे आले. उच्च न्यायालय म्हणजे मुंबईच, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती. आता इकडच्या मुलाने कोल्हापूरच्या कॉलेजचाही विचार करावयास हवा. तेथे शहाजी लॉ कॉलेज जुने व नावाजलेले आहे, आणि मुंबईच्या मानाने राहणे-खाणे स्वस्त पडते.

ज्याचे मन कंपनी-कायदा, कर, सागरी व्यापार अशा कामांकडे आहे, त्याने मात्र मुंबई-पुण्याचा हट्ट जरूर धरावा. १८५५ चे गव्हर्नमेंट लॉ कॉलेज सरकारी आहे, त्यामुळे फी खासगी कॉलेजांच्या मानाने फारच कमी, पण तेथे लागणारे सीईटीचे गुण तितकेच वरचे. पुण्याचे आय.एल.एस. १९२४ चे. मुंबईत फोर्टला सिद्धार्थ लॉ कॉलेज आहे, अंजुमनचे बॅरिस्टर अंतुले यांच्या नावाचे कॉलेजही आहे. अल्पसंख्याक संस्थांत आपल्या मुलांसाठी राखीव जागा असतात, हे पसंतिक्रम भरताना विसरू नका. पण आपल्या माणसांचे कॉलेज म्हणून डोळे मिटून जाऊ नका, आणि आपल्या माणसांचे म्हणून टाळूही नका.

आता थोडे स्पष्ट बोलतो, कोणी राग मानू नये. कित्येक पालक मला खासगीत विचारतात, "सर, असे कॉलेज सांगा, जिथे रोज जावे लागत नाही. पोरगा दुकानही बघेल." अशी कॉलेजे आहेत. त्यांची नावे लोकांच्या तोंडी असतात आणि ती जाहिरातीशिवाय भरतात. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत ७० टक्के हजेरी सांगितलेली आहे. कायद्याची पदवी पत्रद्वारा घेऊन वकील होता येत नाही, ते एवढ्याचसाठी. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हजेरी कमी म्हणून विद्यार्थ्याला परीक्षेपासून अडवू नये, असा निकाल दिला. त्याच्यामागे एका विद्यार्थ्याच्या आत्महत्येचे प्रकरण होते. त्या निकालाचा हेतू मुलांचा जीव वाचविण्याचा आहे, दुकानाच्या गल्ल्यावर बसून पदवी मिळविण्याचा नव्हे. आणि हजेरी कोणी मागो वा न मागो, जाते कोणाचे? ज्या घरी आधीच तीन वकील आहेत, त्या घरचा मुलगा वर्गात न जाताही जेवणाच्या ताटावर कायदा शिकतो. आपल्या मुलाच्या घरी कोण आहे? त्याला वादपत्र आणि कैफियत यांतला फरक सांगणारी एकच जागा आहे, ती म्हणजे वर्ग. फुकट गेलेली तीन वर्षे पंचविशीत कळतात. सनद खिशात असते, समोर पक्षकार बसलेला असतो आणि अर्ज लिहिता येत नाही.

म्हणून कॉलेज पाहावयास जा. माहितीपुस्तिकेतल्या इमारतीचा फोटो पाहून ठरवू नका. कामाच्या दिवशी, दुपारच्या वेळी, न सांगता जा. वर्ग भरलेले आहेत की बाके पालथी घातलेली आहेत, ते दिसेलच. अभिरूप न्यायालयाची खोली उघडावयास सांगा. किल्ली शोधावी लागली तर समजून घ्या. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे वकिलांकडे, न्यायालयात वा संस्थेत प्रत्यक्ष काम करावयाचे असते. गेल्या वर्षी मुले कोणाकोणाकडे गेली होती, हे शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारा, कार्यालयात विचारू नका. कॉलेजची बार कौन्सिलची मान्यता चालू आहे ना, हे कौन्सिलच्या यादीत स्वतः पाहा. ती ठरावीक मुदतीची असते, कायमची नसते.

विलायतेबद्दल दोन शब्द बोलणे भाग आहे, कारण लेस्टर-लंडनला नातेवाईक असलेली कुटुंबे येथे बसलेली आहेत आणि "चाचा म्हणतात, तिकडे एका वर्षात होते" हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. चाचांचे म्हणणे खोटे नाही, पण अपुरे आहे. इंग्लंडमध्ये दुसऱ्या विषयाच्या पदवीधरांसाठी एका वर्षाची कायद्याची पदविका आहे, तिलाच तिकडे कन्व्हर्शन कोर्स म्हणतात. बॅरिस्टर होऊ इच्छिणाऱ्या अशा पदवीधराला ती आजही लागते. पण सॉलिसिटरचा मार्ग सप्टेंबर २०२१ पासून बदलला : कोणतीही पदवी, एसक्यूई नावाची दोन टप्प्यांची परीक्षा आणि दोन वर्षांचा कामाचा अनुभव. त्याला ती पदविका आता सक्तीची राहिली नाही. तिकडच्या संस्था परीक्षेच्या तयारीचे निरनिराळे अभ्यासक्रम विकतात, फी हजारो पौंडांत असते. ज्याला तिकडेच राहून वकिली करावयाची आहे, तिकडे काम करण्याचा परवाना ज्याच्याजवळ आहे, त्याच्यासाठी हे ठीक. पण ती पदविका घेऊन परत येईन आणि रत्नागिरीच्या कोर्टात उभा राहीन, असे कोणी समजत असेल तर थांबा. एका वर्षाची पदविका ही कायद्याची पदवी नव्हे. परदेशी पदवीवर सनद मिळविण्यासाठी बार कौन्सिलने मानलेली, पुऱ्या मुदतीची पदवी लागते. तय्यबजींचा जमाना वेगळा होता. घर गहाण टाकण्यापूर्वी हे कौन्सिलकडून लेखी विचारून घ्या.

खर्चाचे थोडक्यात सांगतो. फीच्या जोडीला खोलीभाडे, खाणे, पुस्तके व प्रवास धरून तीन वर्षांचा आकडा कागदावर मांडा. नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ज्येष्ठ वकिलांकडे मिळकत तुटपुंजी असते, तीही त्यात धरा. राज्य शासनाची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती महाडीबीटीवरून मिळते. आपल्यातल्या ज्या जमाती ओबीसीत आहेत, त्यांनी जातीचा आणि नॉन-क्रिमिलेअरचा दाखला आधीच काढून ठेवावा. सनदेच्या नोंदणीला पूर्वी काही राज्यांत हजारो रुपये घेत. ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातल्या ७५० रुपयांहून अधिक घेऊ नये, असे बजावले. न्यायाधीश होण्याची इच्छा असणाऱ्यांनी २० मे २०२५ चा निकालही ध्यानात ठेवावा. दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेस बसण्यापूर्वी तीन वर्षांची वकिली त्याने पुन्हा आवश्यक केली. अशा मुलाने तर प्रत्यक्ष कोर्टाजवळचेच कॉलेज घ्यावे.

मुलींच्या बाबतीत आमचे पालक 'कुठे' याचे उत्तर चटकन देतात : जवळ असेल तिथे. त्याला माझा विरोध नाही. पण जवळचे कॉलेज नुसते नावाचे असेल आणि पुढच्या शहरात चांगले कॉलेज व मुलींचे वसतिगृह असेल, तर आईवडिलांनी एकदा मुलीसह तेथे जाऊन, वसतिगृहाच्या बाईंशी बोलून मग काय ते ठरवावे. कौटुंबिक न्यायालयात पोटगीसाठी आलेली आपली बाई जे परक्या पुरुष वकिलासमोर बोलत नाही, ते ती या मुलीसमोर बोलेल.

शेवटी एक सूचना. सीईटीचे अर्ज सुटले की दर शनिवारी दुपारी तीन ते पाच मी शाळेच्या ग्रंथालयात बसणार आहे. येताना पदवीच्या सर्व गुणपत्रिका, रहिवासाचा व उत्पन्नाचा दाखला, असल्यास जातीचा दाखला, आणि कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलेला पसंतिक्रम आणावा. प्रत्येक कॉलेजच्या नावासमोर ते पाहिल्याची तारीख टाकावी. आता आपले प्रश्न घेऊ. मागे बसलेल्या भगिनींनी आधी विचारावेत.