साधा शब्द, सावकाश वाक्य



1891 साली स्थापन झालेल्या होळकर महाविद्यालयाच्या या इंदूर नगरीत अनेक मराठी कुटुंबे घरात मराठी, बाजारात हिंदी आणि कचेरीत इंग्रजी असा त्रिविध व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या सांभाळीत आली आहेत.

तरीही, ज्याला इंग्रजी पत्र सहज वाचता येते, अर्जही बिनचूक लिहिता येतो, त्याच तरुणाची मुलाखतीत वाचा बसते; कारण त्याचे मन आधी मायबोलीत वाक्य रचते, मग त्याचा तर्जुमा करू लागते, आणि तेवढ्यात संभाषण पुढे निघून जाते.



उपाय सोपा आहे.
साधा शब्द निवडा. सावकाश बोला.

'कमेन्स' या भारदस्त शब्दाऐवजी 'बिगिन' पुरेसा आहे.
'डिस्कस' म्हटल्यावर पुढे 'अबाउट' नको.
'रिटर्न' म्हटल्यावर 'बॅक' नको.
शब्द सुटे पाठ करू नका. 'मेक अ मिस्टेक' असे जोडीने लक्षात ठेवा.

रोज एक लहानसा उतारा मोठ्याने वाचावा, आणि मग पुस्तक मिटून तोच आशय स्वतःच्या शब्दांत निःसंकोच सांगावा.

चूक झाली, तरी थांबू नका.
वाक्य पूर्ण करा. दुरुस्ती मागाहून करा.

आपला मराठी हेल हा दोष नव्हे. उच्चार मात्र स्पष्ट हवा.

तेव्हा श्रोतेहो, आजच घरातील कोणाशी तरी पाच मिनिटे इंग्रजीत बोला.
साधा शब्द निवडा, आणि सावकाश बोला.