लाल दिसतं ते गेल्या वर्षीचं

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या ऑरेगॉन आणि वॉशिंग्टन या राज्यांत दर उन्हाळ्यात जंगलाची विमानातून पाहणी होते. कीड कुठे लागली, रोग कुठे पसरला, ते वरून टिपायचं. १९४७ च्या सुमारास ही प्रथा पडली. चला, थेट विमानात बसू.

विमान लहानसं, झाडांच्या शेंड्यांपासून हजार-दीड हजार फुटांवर. दोन्ही खिडक्यांशी एकेक निरीक्षक. मांडीवर नकाशा, हातात पेन्सिल. सेकंदाला चाळीसेक मीटर रान मागे पडतं. तेवढ्यात झाडाची जात ओळखायची, किडीचा अंदाज बांधायचा आणि नकाशावर नेमकी जागा गाठून खूण करायची!

आणि ओळखायचं कशावरून? रंगावरून. खरी गोष्ट इथेच आहे.

माउंटन पाइन बीटल हा तांदळाच्या दाण्याएवढा काळा भुंगेरा. ऐन उन्हाळ्यात तो पाइनच्या सालीत शिरतो आणि सोबत बुरशी नेतो. अळ्या सालीखालचा थर खातात, बुरशी पाण्याची वाट अडवते. झाडाचा निकाल लागतो, तरी ते हिरवंच दिसतं. सुयांसारखी पानं लाल होतात ती पुढच्या वर्षी. आणि त्याच उन्हाळ्यात नवे भुंगेरे उडून शेजारची झाडं धरतात.

हे पुन्हा सांगायला हवं. लाल झालेलं झाड गेल्या वर्षीच गेलेलं असतं. भुंगेरा आता शेजारच्या हिरव्या झाडात आहे, आणि तो विमानातून दिसत नाही.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पंधराएक वर्षांत या भुंगेऱ्याची झळ सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जंगलाला लागली. महाराष्ट्राच्या निम्म्याहून मोठा मुलूख! पारा उणे ३५-४० अंशांपर्यंत उतरला की अळ्या मरतात. तसे हिवाळे तिथे विरळ झाले.

ऑरेगॉन-वॉशिंग्टनच्या विमानांत पेन्सिलीची जागा आता टॅब्लेटने घेतली आहे. २०२० मध्ये कोरोनामुळे बरीच विमानं उडाली नाहीत, तेव्हा उपग्रहाच्या चित्रांवर काम भागवलं गेलं. चित्रं उपयोगी आहेतच. पण लालाच्या छटेवरून झाडाची जात आणि कीड सांगणारी नजर अनेक उन्हाळे खिडकीशी बसून तयार होते. अशी नजर असलेली माणसं घडवणं थांबू नये.

लाल ठिपक्याशेजारची हिरवी झाडं तपासायला मात्र आजही पायीच जावं लागतं, आणि साल सोलून पाहावी लागते.