दोर आधी, धाव नंतर



मी तुमच्याच अमळनेर तालुक्यात बचत गटांचं काम बघते. आज हप्ता, व्याज, वह्या यांतलं काही बोलणार नाही. आज बर्फाविषयी बोलणार आहे. हसू नका. बाहेर अंगाची लाही होतेय आणि ही बाई बर्फाच्या गोष्टी सांगते, असं वाटेल. पण हा विषय आपल्याच एका गटाच्या बैठकीत निघाला.

झालं असं. गटातल्या एका मावशींची लेक कॉलेजात शिकते. तिला उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक कोर्स करायचा आहे, २८ दिवसांचा. पुढे स्की शिकायचंही मनात आहे. स्की म्हणजे पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जाणं. मावशींनी फीसाठी गटाकडे कर्ज मागितलं आणि मागता मागताच डोळ्यांना पदर लावला. म्हणाल्या, "मनी पोरले बरफमा मराले धाडू का वं ताई?"

मला उत्तर देता आलं नाही. मग मी वाचलं, माहितगारांना विचारलं, त्या पोरीकडूनही समजून घेतलं. जे समजलं ते सांगते.

हिमालयात हिमनद्या असतात. नदी म्हटलं तरी पाणी नाही, बर्फच. वर्षानुवर्षं साठलेला, दाबून कडक झालेला बर्फ आपल्याच वजनाने उतारावरून हळूहळू सरकत असतो. खाली उंचवटा आला, वळण आलं की तो ताणला जातो आणि त्याला भेगा पडतात. आपली काळी जमीन उन्हाळ्यात कशी फाटते, ते तुम्हाला सांगायला नको. पण आपल्या भेगेत पाय मुरगळतो. तिथल्या भेगेत अख्खा माणूस जातो, अन् ती दोन-तीन विहिरींइतकी खोलही असू शकते.

आणि खरा धोका पुढेच आहे. नवा बर्फ पडला की भेगेवर पातळ छत तयार होतं. वरून सगळं पांढरं, सपाट दिसतं. पाय पडला की छत मोडतं.

मावशींची भीती खोटी नाही, हे मी आधीच सांगते. ४ ऑक्टोबर २०२२ ला याच उत्तरकाशीच्या संस्थेची तुकडी 'द्रौपदी का डांडा' शिखरावर प्रशिक्षणासाठी गेली होती. वरून हिमकडा सुटला, त्यात माणसं वाहून भेगेत पडली. २९ जण गेले. त्यांत सविता कंसवाल होती. उत्तरकाशीकडच्याच खेड्यातली मुलगी. त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू अशी दोन शिखरं तिने चढली होती. ती तिथे शिकवायला होती. डोंगर कोणाची ओळख ठेवत नाही. हे झाकून मी मावशींना "काही होत नाही हो" म्हटलं असतं, तर ते खोटं झालं असतं.

मग तिथे शिकवतात तरी काय? भेगेत पडू नये कसं, आणि कोणी पडलंच तर काढायचं कसं.

पहिली गोष्ट, हिमनदीवर एकट्याने चालायचं नाही. तीन-चार-पाच जण एकाच दोराला बांधून, मध्ये काही पावलांचं अंतर ठेवून चालतात. दोर फार ताणायचा नाही, फार ढिला सोडायचा नाही. पुढचा माणूस काठीने बर्फ टोचून बघतो. भेगेच्या कडेकडेने चालायचं नाही, ती आडवी ओलांडायची. म्हणजे एका वेळी एकच जण तिच्यावर असतो. आणि निघायचं पहाटेच, कारण ऊन चढलं की छत मऊ पडतं.

स्कीवाल्यांचं वजन लांब पट्टीवर पसरतं, म्हणून ते कमी रुततात. पण पडले तर वेगात पडतात. उतरताना ते पुष्कळदा दोर सोडतात. तेव्हाही कमरेचा पट्टा काढायचा नाही आणि दोर हाताशी ठेवायचा, हा नियम.

आता समजा, एक जण पडला. बाकीच्यांनी काय करायचं? तुम्ही म्हणाल, धावत जाऊन बघायचं. नाही! जागच्या जागी बर्फावर अंग टाकायचं, कुऱ्हाड आणि पाय रोवायचे, झटका थांबवायचा. मग बर्फात आडवा चर खणून त्यात कुऱ्हाड नाहीतर स्कीची पट्टी पुरायची आणि तिला दोर बांधायचा. खुंटा पक्का झाला की पडलेल्याचं ओझं त्याच्यावर सोडायचं. त्यानंतर एकाने, स्वतः दोराला बांधलेलं असतानाच, काठावर जाऊन हाक मारायची. दोर काठात रुतू नये म्हणून खाली पिशवी ठेवायची. एवढं झाल्यावर ओढायचं.

ओढायचीही युक्ती आहे. आपल्या विहिरीवरची कप्पी ओझं कमी करत नाही, फक्त ओढायची दिशा बदलते. पण दुसरी कप्पी ओझ्याकडच्या दोरावर, सरकेल अशी लावली आणि दोर वळवून तिच्यातून घेतला, तर ताकद जवळपास तिसऱ्या हिश्शाने लागते. तीन हात दोर ओढावा तेव्हा माणूस एक हात वर येतो. वेळ लागतो, पण दोघी बायकासुद्धा एकाला काढू शकतात.

हे ऐकताना मला माझ्या माहेरची विहीर आठवत होती.

मी शाळेत होते. चुलतभाऊ जुन्या विहिरीत मोटार बघायला उतरला आणि हाकेला ओ देईना. काका तसेच उतरले. दोर नाही, काही नाही. तेही परत आले नाहीत. खाली विषारी वायू होता. तिसरा उतरणार होता, त्याला आजीने मिठी मारून धरलं. घरातून एकाच दिवशी दोन तिरड्या निघाल्या. काकांची माया कमी नव्हती. पण धाव आधी झाली, दोर राहूनच गेला.

म्हणून ऐकणाऱ्या प्रत्येकीला सांगते. विहिरीत कोणी बेशुद्ध पडलं तर मागोमाग उतरू नका, दुसऱ्याला उतरू देऊ नका. ११२ ला फोन लावा, माणसं जमवा. पाण्यात पडलेला शुद्धीवर असेल तर वरूनच दोर, बाज, रिकामा ड्रम, जे तरंगेल ते सोडा. दोराचं दुसरं टोक आधी झाडाला नाहीतर खांबाला बांधा. काठावर गर्दी करू नका.

आपल्या पोरींना हे जमेल का? बचेंद्री पाल उत्तरकाशीच्या याच संस्थेत शिकल्या आणि १९८४ मध्ये एव्हरेस्ट चढल्या. २०१८ मध्ये आपल्या चंद्रपूरच्या आश्रमशाळेतली मनीषा धुर्वे एव्हरेस्टवर पोहोचली. आदिवासी घरातली पोर. जमतं. पण शिकून जमतं.

गटाने काय ठरवलं? बैठकीत वाद झाला. एक काकू म्हणाल्या, या पैशांत म्हैस आली असती. खरंच आहे ते. शेवटी कर्ज मंजूर झालं, पण अटी घालून. पोरीने आतापासून रोज पळायचं, डॉक्टरकडून तपासून घ्यायचं. संस्थेचा कोर्सच करायचा, कोणा हौशी टोळीबरोबर जायचं नाही. गुरू म्हणाले मागे फिर, तर मागे फिरायचं. आणि परत आल्यावर गटातल्या सगळ्यांना दोराच्या गाठी शिकवायच्या.

ती थांबलीच नाही. मागच्या बैठकीत ओट्यावरच्या खांबाला दोर बांधून तिने एक गाठ दाखवली. जाड दोराला बारीक दोरीचे विळखे. ओझं पडलं की आवळते, ओझं काढलं की सरकते. मावशी लांब बसून बघत होत्या. थोड्या वेळाने उठल्या, गाठीला हात घातला, सगळं वजन टाकून ओढून बघितलं. गाठ सरकली नाही.

"आखो एकदाव दखाड," म्हणाल्या. पुन्हा एकदा दाखव.

येते मी. सांभाळून राहा. राम राम!