'तस्कर' कोणाला म्हणावे?

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित अंश)



गेली तीस वर्षे मी शब्दांवरच उपजीविका करीत आलो आहे. शब्द झिजला की त्यामागचा विचारही झिजतो, हे या व्यवसायात फार लवकर कळते. आज अशाच एका झिजलेल्या शब्दाविषयी बोलायचे आहे. तो शब्द म्हणजे 'तस्कर'.

सोन्याचे तस्कर, चंदनतस्कर, मूर्तितस्कर असे शब्द आपण वर्तमानपत्रांत नित्य वाचतो. 'स्मगलर' या इंग्रजी शब्दाचा पर्याय, एवढीच त्याची ओळख आपण शिल्लक ठेवली आहे. वास्तविक हा शब्द ऋग्वेदाइतका प्राचीन आहे. यास्काचार्यांनी निरुक्तात त्याचा संबंध 'तत्कर' या रूपाशी जोडला आहे. 'तत्' म्हणजे 'ते'. जे पाप आहे, ते करणारा तो तस्कर. त्यांनी दुसरीही व्युत्पत्ती सुचविली आहे : अखंड, अहोरात्र आपल्या कर्मात गुंतलेला. रात्रीची वाट पाहतो तो साधा चोर. तस्कराला दिवसही वर्ज्य नाही.

दिवसाढवळ्या वावरणारा हा तस्कर मनुस्मृतीने नेमका हेरला आहे. नवव्या अध्यायात राजाला सांगितले आहे की, तस्कर दोन प्रकारचे असतात, प्रकट आणि अप्रकट. रानावनात दबा धरून बसणारे आणि घरे फोडणारे ते अप्रकट. आणि प्रकट कोण? निरनिराळ्या मालाच्या क्रयविक्रयावर जगत लोकांना फसविणारे! कौटिल्यही 'कंटकशोधन' अधिकरणात हेच सांगतो. व्यापारी, कारागीर यांच्यात असे काही असतात की, त्यांना चोर हे नाव नसते, पण ते चोरच असतात; त्यांच्यापासून प्रजेचे रक्षण करणे हे राजाचे कर्तव्य आहे.

म्हणजे अवैध व्यापार करणाऱ्याला 'तस्कर' म्हणणे हा केवळ आधुनिक भाषांतराचा योगायोग नव्हे. तो अर्थ आपल्या परंपरेतच होता. आधुनिक काळात तो आकुंचित झाला, इतकेच. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याने देशाच्या सीमेवरून होणाऱ्या चोरट्या आयात-निर्यातीची व्याख्या केली. १९७६ मध्ये अशा लोकांची मालमत्ता जप्त करण्याचा कायदा झाला, तेव्हा त्याच्या हिंदी नावात 'तस्कर' हाच शब्द आला. तेव्हापासून सीमा ओलांडणारा तेवढा तस्कर, असा आपला समज झाला.

याच काळात आणखी एक विपरीत घडले. १९७५ च्या आणीबाणीत 'मिसा'खाली देशभक्त कार्यकर्ते स्थानबद्ध झाले आणि 'कोफेपोसा'खाली तस्कर. एकाच राजवटीने दोघांनाही गजाआड धाडले. इकडे रुपेरी पडद्यावर तस्कर हा नायक होऊन मिरवू लागला. मध्यमवर्गीय घरांत 'फॉरेनचे घड्याळ' कौतुकाने दाखविले जाऊ लागले. ते कोणत्या वाटेने आले, हे विचारणे असभ्यपणाचे ठरले.

ती वाट कोठे जाते, हे १२ मार्च १९९३ रोजी कळले. मुंबईतील साखळी बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मारली गेली. त्यासाठीची शस्त्रे आणि स्फोटके रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडी येथे समुद्रमार्गे उतरविली गेली होती. सोन्याचांदीसाठी रुळलेली यंत्रणाच त्या दिवसांत मृत्यू वाहून आणीत होती. पुढे विशेष न्यायालयाने काही सीमाशुल्क अधिकारी आणि पोलीस यांनाही दोषी ठरविले. लाच घेताना पेटीत काय आहे, हे विचारायचे नसते, ही सवय त्यांना वर्षानुवर्षे लागली होती. बंधूंनो, ती सवय एकट्या त्यांचीच होती काय?

दुसरे उदाहरण देवाचेच. यजुर्वेदातील रुद्राध्यायाने भगवान शंकरांना तस्करांचाही अधिपती म्हणून वंदन केले आहे. त्याच नटराजाची चोलकालीन मूर्ती तामिळनाडूतील श्रीपुरंदन गावच्या मंदिरातून चोरीला गेली. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने ती विकत घेतली आणि २०१४ मध्ये भारताला परत केली. मूर्ती उचलणारा अप्रकट तस्कर होता. कागदपत्रे रचून ती सन्मानाने विकणाऱ्याला आपण मात्र 'कलावस्तूंचा व्यापारी' म्हणत होतो. मनूची विभागणी आठवते ना?

आता आपल्या उंबरठ्याशी येऊ. सराफाच्या पेढीवर "पक्के बिल हवे की कच्चे?" असा प्रश्न येतो, तेव्हा उत्तर कोण देते? 'दोन नंबरचा धंदा' हा शब्द आपण किती सहजपणे, हसत उच्चारतो! पापाला नुसता क्रमांक दिला की त्याची लाज वाटेनाशी होते. आपल्या पूर्वजांनी त्याला क्रमांक दिला नव्हता, नाव दिले होते.

म्हणून माझी विनंती लहानशी आहे. राष्ट्रभक्तीची परीक्षा सीमेवर होते, तशीच ती दुकानाच्या फळीवरही होते. पुढच्या खरेदीला मुलांना बरोबर न्या आणि त्यांच्यादेखत पक्के बिल मागा. चार पैसे अधिक जातील. मुलाने कारण विचारले, तर त्याला 'तस्कर' या शब्दाचा पूर्ण अर्थ सांगा. तो सांगताना आपली मान खाली जाणार नाही, एवढीच दक्षता आपण घेऊ या.