सोयरीक टोकियोत, संसार ओसाकात

ऑक्टोबर २०२५ मध्ये जपानच्या राजकारणात दहा दिवसांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. २६ वर्षे लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाला सोबत करणाऱ्या कोमेइतोने १० तारखेला साथ सोडली आणि २० तारखेला ती रिकामी जागा निप्पॉन इशिन नो काई या पक्षाने घेतली. दुसऱ्या दिवशी सानाए ताकाइची जपानच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. बातम्यांचा सगळा झोत त्यांच्यावर राहिला, आणि इशिनच्या वाट्याला संधिसाधूपणाचा शिक्का आला. हा शिक्का अगदीच निराधार म्हणता येणार नाही. या पक्षाने २०१२ मध्ये कट्टर उजव्या शिंतारो इशिहारांच्या पक्षाला पोटात घेतले. २०१४ मध्ये त्यांच्याशी काडीमोड घेऊन केन्जी एदांच्या सुधारणावादी गटाशी घरोबा केला आणि वर्षभरात तोही मोडला. पण आपण टोकियोत उभे राहून हे पाहतो म्हणून गोंधळतो. ओसाकातून पाहिले तर या साऱ्या येण्याजाण्याला एक सुसंगती आहे, आणि तीच आज आपल्यापुढे मांडायची आहे. ओसाकाच्या कारभारासाठी जी किल्ली हवी, ती ज्याच्या कमरेला असेल त्याच्याशी इशिनने त्या-त्या वेळी जुळवून घेतले आहे.

यासाठी मुळाशी जावे लागते, आणि मुळाशी आहेत दोन इमारती. ओसाका प्रांत आणि ओसाका शहर ही दोन स्वतंत्र सरकारे. तिथला महापौर आपल्या मुंबई-पुण्याच्या महापौरासारखा शोभेचा धनी नसतो. तो थेट निवडून येतो आणि कारभाराची सूत्रे त्याच्याच हाती असतात. त्यामुळे एकाच भूमीवर गव्हर्नर आणि महापौर असे दोन कारभारी वर्षानुवर्षे एकमेकांवर कुरघोडी करत राहिले. नव्वदच्या दशकात शहराचा पैसा असलेल्या कंपनीने बंदरात वर्ल्ड ट्रेड सेंटर नावाचा २५६ मीटर उंच मनोरा उभारला. पाठोपाठ प्रांताचा पैसा असलेल्या कंपनीने कान्साई विमानतळासमोर दुसरा मनोरा बांधला, आणि तो पहिल्यापेक्षा बरोबर दहा सेंटीमीटरने उंच केला! दोन्ही कंपन्या पुढे दिवाळखोरीत निघाल्या. २००८ मध्ये वयाच्या ३८ व्या वर्षी गव्हर्नर झालेल्या तोरू हाशिमोतो या वकिलाने, दूरचित्रवाणीवरच्या लोकप्रिय चेहऱ्याने, शहराचा तो मनोरा घेऊन प्रांताचे कार्यालय तिथे हलवण्याचा प्रस्ताव मांडला. मार्च २००९ मध्ये प्रांतिक सभेने तो फेटाळला. या वादातून लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाचे काही सभासद फुटले. त्यांत इचिरो मात्सुई होते. एप्रिल २०१० मध्ये हाशिमोतो आणि ही मंडळी मिळून ओसाका इशिन नो काई स्थापन झाली. म्हणजे इशिन जुन्या सत्ताधारी पक्षाच्याच घरात फुटलेली फांदी आहे, हे विसरून चालणार नाही.

नोव्हेंबर २०११ मध्ये हाशिमोतोंनी गव्हर्नरपद सोडून महापौरपदाची निवडणूक लढवली. मात्सुई गव्हर्नरपदाला उभे राहिले. दोघेही जिंकले. तरी ओसाका शहर बरखास्त करून टोकियोसारखे विशेष प्रभाग करण्याचा त्यांचा मुख्य बेत दोघांच्या हातात नव्हता. त्याला राष्ट्रीय संसदेचा कायदा लागत होता. प्रादेशिक पक्षाला राजधानीची वाट इथे धरावी लागली. ऑगस्ट २०१२ मध्ये सत्ताधारी डेमोक्रॅटिक पक्ष आणि विरोधातला लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष या दोघांनीही तो कायदा संमत केला. हाशिमोतोंच्या लोकप्रियतेची धास्ती हे त्याचे एक कारण होते, असे मला वाटते. कायदा मिळाल्यावर पुढच्याच महिन्यात इशिन राष्ट्रीय पक्ष झाला आणि डिसेंबरच्या निवडणुकीत त्याने ५४ जागा मिळवल्या. यशाची धुंदी चढण्यासारखाच आकडा होता.

पण माझ्या म्हणण्याचा खरा पुरावा कोमेइतोच्या बाबतीत मिळतो. सोका गाक्काई या बौद्ध संघटनेच्या बळावर उभा असलेला हा पक्ष ओसाकात संसदेच्या चार मतदारसंघांत घट्ट रुजलेला होता: तिसरा, पाचवा, सहावा आणि सोळावा. शहराच्या सभेत इशिनला बहुमत नव्हते, आणि शहर बरखास्त करण्याच्या योजनेवर सार्वमत घ्यायचे तर कोमेइतोची मते लागत. म्हणून इशिन त्या चार जागी उमेदवार देत नसे. व्यवहार रोखठोक होता. २०१९ मध्ये सार्वमताच्या तारखेवरून बिनसले, तेव्हा गव्हर्नर मात्सुई आणि महापौर हिरोफुमी योशिमुरा दोघांनीही राजीनामे दिले आणि एकमेकांच्या पदासाठी निवडणूक लढवली. दोघेही आरामात निवडून आले. महिना-दोन महिन्यांत कोमेइतो योजनेच्या बाजूने आला. पुढे एप्रिल २०२३ मध्ये शहराच्या सभेत इशिनला प्रथमच स्वबळावर बहुमत मिळाले. मग कोमेइतोचे कामच उरले नाही. २०२४ मध्ये इशिनने त्या चारही ठिकाणी उमेदवार उभे केले आणि ओसाकातल्या १९ पैकी १९ जागा जिंकल्या. एवढा निष्ठुर हिशेब आपल्याकडचे मुरब्बी पुढारीही क्वचितच करतात.

यावर एक आक्षेप हमखास येईल. ओसाकाची गरज हेच सूत्र असेल, तर ओसाकाच्या लोकांनी ती योजना दोनदा का नाकारली? १७ मे २०१५ ला विरोधात ७,०५,५८५ आणि बाजूने ६,९४,८४४ मते पडली. अवघ्या १०,७४१ मतांनी योजना पडली आणि हाशिमोतोंनी राजकारण सोडण्याची घोषणा केली. १ नोव्हेंबर २०२० ला, कोमेइतो सोबत असूनही, ती पुन्हा १७,१६७ मतांनी पडली. आणि तरीही सहा महिन्यांत, वर्षभरात निवडणूक आली की तेच लोक इशिनलाच मत देत होते. याला काही जण मतदारांचा चंचलपणा म्हणतात. मला ते पटत नाही. राज्यशास्त्राचे अभ्यासक मासाहिरो झेन्क्यो यांनी मतदारांच्या सर्वेक्षणांवरून दाखवले आहे, की इशिनचा पाठिंबा भडक नेत्याच्या मोहिनीतून आलेला नसून हा पक्ष साऱ्या ओसाकाचे हित पाहतो या समजुतीतून आला आहे. मी त्यात एवढीच भर घालेन: गव्हर्नर आणि महापौर दोन्ही एकाच पक्षाचे झाल्यावर दोन मनोऱ्यांची चढाओढ आपोआप थांबली. मग शहर मोडायचे कशाला? इशिनच्या यशानेच इशिनच्या योजनेची निकड संपवली.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. राज्यघटना बदलण्याचा आग्रह, इशिहारांशी मैत्री आणि आता ताकाइची, हे पाहता प्रदेशाची भाषा हा केवळ मुखवटा असून आत उजवा राष्ट्रवादच आहे, असे म्हटले जाते. इशिन उजवीकडचा पक्ष आहे, यात शंका नाही. कोणाशेजारी बसायला त्याला संकोच वाटत नाही, हे विचारसरणीवरून कळते. पण त्याला बळ कुठून मिळते, हे तिच्यावरून कळत नाही. उजव्या मतांवरच पक्ष वाढता, तर तो टोकियोत किंवा क्युशूतही वाढला असता. प्रत्यक्षात राष्ट्रीय विस्तारासाठी केलेले दोन्ही मोठे संसार मोडले, आणि २०१७ मध्ये ५४ च्या ११ जागा उरल्या. मोडतोड झाली की पक्ष ओसाकात परततो आणि तिथे सावरतो. २०१५ मध्ये हाशिमोतोंच्या पराभवानंतर सहाच महिन्यांत त्याने गव्हर्नर आणि महापौर ही दोन्ही पदे पुन्हा जिंकली. शिवाय त्या काळात ओसाकात योजनेविरुद्ध लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाचे स्थानिक लोक आणि कम्युनिस्ट एकाच बाजूला होते, आणि टोकियोत पंतप्रधान शिंझो आबे मात्र मात्सुईंशी स्नेह राखून होते. डावे-उजवे ही फूटपट्टी इथे मोडून पडते.

प्रादेशिक पक्ष म्हटले की आपल्यासमोर भाषा आणि अस्मिता उभी राहते. ओसाकाच्या माणसाला आपल्या बोलीचा आणि खाण्यापिण्याचा अभिमान आहे, पण इशिनची मागणी कारभाराची आहे. तिची किंमत पक्षाने आधी घरात मोजली: प्रांतिक सभेच्या १०९ जागा ८८ केल्या, नंतर ७९. २०२५ च्या करारात संसदेच्या कनिष्ठ सभागृहातल्या जागा दहा टक्क्यांनी कमी करण्याची अट आली, ती याच वहिवाटीतून. दुसरी अट होती उपराजधानीची, म्हणजे पर्यायाने ओसाकाची. त्याआधी फेब्रुवारीत, शिगेरू इशिबा पंतप्रधान असताना, अर्थसंकल्पाला पाठिंबा देऊन इशिनने माध्यमिक शाळेच्या वरच्या वर्गांची फी माफ करून घेतली होती. ही सवलतही ओसाकाने आधी सुरू केली होती. इशिबा आणि ताकाइची यांच्या विचारांत केवढे अंतर! इशिनने दोघांकडूनही आपले काम काढून घेतले.

यात धोका नाही असे नाही. मोठ्या पक्षाच्या सावलीत धाकटा जोडीदार खुरटतो, हे कोमेइतोच्या २६ वर्षांकडे पाहून कळते, आणि करारावेळी मंत्रिपदे न घेता बाहेरून पाठिंबा देण्याची इशिनने घेतलेली खबरदारी कितपत पुरेल याबद्दल मी साशंक आहे. मात्र या पक्षाने टोकियोत सत्तेसाठी आपले घर विकले, हा निष्कर्ष मला मान्य नाही. २० ऑक्टोबरच्या करारावर इशिनतर्फे सही करणारे पक्षाध्यक्ष योशिमुरा त्या दिवशी संसदेचे सदस्य नव्हते. ते ओसाकाचे गव्हर्नर होते.