सांगणें व ऐकणें
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवप्रसंगीं एका डॉक्टरांनीं केलेलें भाषण)



यरीहोच्या वाटेवर बार्तिमय नांवाचा एक आंधळा भिकारी बसला होता. त्याला काय हवें, हें कोणाहि पाहणाऱ्यास कळलें असतें. तरी त्याची इच्छा प्रभूनें त्याच्याच तोंडून वदवून घेतली, व मगच त्यास दृष्टि दिली. त्या सर्वज्ञ वैद्यानें जो प्रश्न टाळला नाहीं, तो आम्हां अल्पज्ञ वैद्यांनीं टाळावा काय?

मीं तो एकदां टाळला. ती चूक आज तुमच्यापुढें कबूल करतों. सत्तरीच्या घरांतील एक बाई मजकडून मधुमेहाच्या गोळ्या नेत असत. उपवासकाळ आला. मीं कांहीं विचारलें नाहीं, त्यांनीं कांहीं सांगितलें नाहीं. शुभ शुक्रवारीं पोटांत अन्न नसतां त्यांनीं नेहमींची गोळी घेतली, आणि क्रुसाला वंदन करण्यास निघाल्या असतां घामाघूम होऊन, थरथर कांपत खालीं बसल्या. शुद्ध हरपली नव्हती, म्हणून साखरेचें पाणी पाजतां आलें, एवढीच देवाची कृपा. सावध झाल्यावर मीं म्हटलें, "मावशी, उपवास धरल्याचें मला कां बरें सांगितलें नाहींत?"

त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, तुम्हीं विचारलें कुठें? आणि बाहेर एवढीं माणसें खोळंबलेलीं. तुमचा वेळ कसा घ्यावा?"

औषध योग्य होतें, मात्राहि योग्य होती. उणें पडलें तें बोलणें. वास्तविक ५९ वर्षें पूर्ण झाल्यावर उपवासाचें बंधन धर्मसभा कोणावरहि घालीत नाहीं, व आजाऱ्यास तर त्यांतून मोकळीकच आहे. दोन शब्द झाले असते, तर हा प्रसंग टळला असता.

ही एकट्या माझीच चूक नव्हे. १९८४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत असें दिसून आलें कीं, रोगी आपलें दुखणें सांगूं लागला कीं सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्यास मध्येंच तोडीत. सावकाश म्हटलेली प्रभूची प्रार्थनाहि इतक्या वेळांत पुरी होत नाहीं!

म्हणून माझ्या व्यवसायबंधूंस विनंति कीं, रोग्याचें म्हणणें आधीं पुरें ऐकावें. आणि आपलें सांगून झाल्यावर, "आतां घरीं जाऊन काय कराल, तें मला सांगा," असें विचारावें. आपण काय बोललों यापेक्षां त्यास काय समजलें, हें महत्त्वाचें.

आणि आपणां सर्वांस विनंति कीं, समजलें नसतां मान डोलावूं नका. चालू असलेलीं सर्व औषधें, झाडपाल्याचीं सुद्धां, एका पिशवींत घालून दाखवावयास न्या. नुसतें 'दुखतें' म्हणूं नका; कळ येते, ठणका लागतो, जळजळ होते कीं चमक मारते, तें सांगा. हे आपल्या मायबोलीचे शब्द डॉक्टरला रोगाची वाट दाखवितात. 'बरें वाटतें' आणि 'बरें झालें' यांतील भेदहि विचारून घ्या. क्षयाच्या रोग्यास थोड्याच आठवड्यांत बरें वाटूं लागतें. साध्या क्षयाचा उपचार मात्र बहुधा ६ महिन्यांचा असतो. तो मध्येंच सोडल्यास रोगजंतु औषधास दाद देईनासे होतात.

पापनिवेदन करतांना आपण कांहीं लपवीत नाहीं, कारण ऐकणारा आपल्या भल्यासाठीं ऐकतो व ऐकलेलें बाहेर बोलत नाहीं, असा आपला भरंवसा असतो. तसा भरंवसा रोग्यानें आम्हांवर ठेवावा, आणि आम्हीं त्यास पात्र व्हावें.

पुढील वर्षीं राखेच्या बुधवाराआधींच त्या मावशी आपण होऊन आल्या व म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, उपवासकाळ आला. आतां मीं काय करावें?" मीं त्यांना खुर्ची दिली आणि म्हटलें, "बसा, मावशी. आधीं तुम्ही सांगा, मी ऐकतों."

प्रभु आपणां सर्वांस निःसंकोचपणें सांगण्याचें धैर्य व शांतपणें ऐकण्याची प्रीति देवो, हीच प्रार्थना.