नऊ एकांचा वर्ग

वेरूळला येऊन मी लेण्यांवर बोलणार नाही, एका संख्येवर बोलणार आहे. या मुलखाशी तिचं नातं आहे. इथून पुढे कन्नडचा घाट उतरला की पाटणादेवी लागते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, असं तिथला शिलालेख सांगतो. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं आहेत. तीच घेऊन संख्या वाचतो.

एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद. आणि आता उतार: आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक.

१२३४५६७८९८७६५४३२१. हा १११११११११ चा वर्ग. याला चमत्कार म्हणून हात जोडू नका, गुणाकार मांडून पाहा. नऊ एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजव्या टोकाच्या घरात एकच १ येतो, पुढच्यात दोन, मधल्या घरात नऊ; मग पुन्हा एकेक कमी. कुठेही हातचा येत नाही, म्हणून चढउतार जसाच्या तसा राहतो. कारण कळल्यावर मला तर ही संख्या जास्तच देखणी वाटू लागली.

अशा संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव दिलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. जन्म १९०५, डहाणू. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. डोंबिवली स्टेशनाचं तेव्हाचं नाव डेम्लो, आणि कल्पना तिथेच सुचलेली. मधला ९ बाजूला ठेवा. डावीकडे उरले १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१. बेरीज ९९९९९९९९. दोन्ही टोकं मिळून मधलाच अंक पुन्हा पुन्हा उमटतो. डेम्लो संख्येची खूण हीच.

कापरेकरांनी आणखी एक जात ओळखली: स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो ती ‘हर्षद’ संख्या. आपल्या संख्येतल्या अंकांची बेरीज ८१. नऊ एकांच्या संख्येला ९ ने भाग जातो, मग तिच्या वर्गाला ८१ ने जाणारच. भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग. या १२३४५६७९ मध्ये ८ का नाही, ते घरी भागून पाहा. म्हणजे एकच संख्या डेम्लोही आहे आणि हर्षदही.

आता दहावा एक जोडा. मधल्या घरात दहा साठतात, हातचा निघतो आणि वर्ग होतो १२३४५६७९००९८७६५४३२१. चढण मोडली, मध्ये दोन शून्यं बसली. अंकांची बेरीज ८२, ती सम, संख्या विषम. भाग जायचा प्रश्नच नाही.